तीन आणि चारच्या मधला पिवळा

पेटीतला उजेड

चौकोन सहा. पहिला चुन्यासारखा पांढरा. दुसरा भिंतीला लावायच्या पुट्टीचा. तिसरा सायीचा. मग एक जाड काळी रेघ. रेघेखाली चौथा, फिकट पिवळा. पाचवा हळदीचा. सहावा हिरवट.

रेघेच्या वर धोका. रेघेखाली सगळं ठीक.

कार्ड तळहाताएवढं. वर मथळा: तुमच्या बाळाच्या शीचा रंग यांपैकी कोणता?

"लग्नपत्रिका छापल्या, बेदाण्याचे बॉक्स छापले, आमदाराचा वाढदिवस तर दरवर्षी छापतो," गुंडा म्हणतो. सांगलीच्या या प्रेसमधलं चाररंगी मशीन तो चालवतो. "एवढंच ऱ्हायलं हुतं बघ माझ्या हातनं छापायचं."

प्रियदर्शनी हसत नाही. स्क्रीनवरचा रंग कागदावर जसाच्या तसा उतरवणं हे तिचं काम. ती प्रूफ, छपाईआधीचा नमुना, उचलते आणि कोपऱ्यातल्या राखाडी पेटीत ठेवते. पेटीच्या छताला पांढऱ्या उजेडाची नळी आहे, भर दुपारी सावलीत असतो तसा उजेड. प्रेसमध्ये तिचा एकच नियम. पेटीबाहेर रंगाबद्दल कुणी बोलायचं नाही.

"तिसरा सरकलाय," ती म्हणते.

"कुठं?" डॉक्टर विचारतात. कार्डाचं काम त्यांच्याच रुग्णालयाचं. लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, आणि मघापासून स्टुलावर बसून राहिल्यात, चहा गार झालाय.

"चौथ्याकडे. स्क्रीनवर दोघांत फरक दिसतो. इथं तिसऱ्यात पिवळा शिरलाय. कागद मुळात पिवळसर आहे, मॅडम. कागद बदलू."

"बदला. पाच बदला आणि सहा बदला वाटलं तर. पण या दोघांत कुणाला शंका येता कामा नये." डॉक्टर बोट ठेवतात, तीन आणि चारच्या मधोमध, रेघेवर. "काही बाळांची पित्त उतरायची नळी बंद होत जाते. पित्त आतड्यात येत नाही, म्हणून शीला रंग येत नाही. बाळ दूध पितं, हातपाय हलवतं, वजन वाढतं. घरच्यांना वाटतं छान चाललंय. आत यकृत खराब होत असतं. दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर पोर हाताला लागतं. नंतर..."

त्या कार्डावरचं बोट उचलतात.

गुंडा मशीनकडे जातो. नवा कागद चढवतो.

दुसरं प्रूफ. नाही.

तिसरं प्रूफ. पेटीत. तिसरा चौकोन साय, चौथा पिवळा. मध्ये रेघ नसती तरी कळलं असतं.

डॉक्टर सही करतात. पर्स उचलतात. दारात वळतात.

"आणि एक. ही फाइल कुणाला फोनवर पाठवू नका. छापील कार्डच द्यायचं. फोनवर बघून फसतात लोक."

"हो," प्रियदर्शनी म्हणते. तिला कारण सांगावं लागत नाही. तीच रोज काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगते, लग्नाचा लाल फोनवर जसा दिसतो तसा छापून येणार नाही, दादा, कारण कागद खोलीच्या उजेडात दिसतो आणि फोन स्वतःच्या. खोलीतला बल्ब पिवळा असेल तर कागद पिवळा होतो, भिंत पिवळी होते, तुमचा सदरा पिवळा होतो, पण फोन काही

वाक्य तिच्या डोक्यात तिथंच थांबतं.

फोन, कालचा

प्रियदर्शनी: [कार्डाचा फोटो]
प्रियदर्शनी: बघ कसलं काम आलंय. तुझ्या राजाची कितवी?
संयोगिता: ईऽऽ ताई! जेवत होते मी
संयोगिता: थांब बघते
संयोगिता: चार. चार नंबर पक्का
संयोगिता: आई म्हणते केशर खाल्लंय ते उगाच का
प्रियदर्शनी: हा हा. पास!

बल्ब

पास.

कवठे महांकाळच्या अलीकडे रस्त्यापासून आत तिच्या आईचं घर. मधली खोली बाळंतिणीची, धाकट्या बहिणीची, संयोगिताची. खिडकीला गोधडी, वारं लागू नये म्हणून. कोपऱ्यात शेगडी. दिवसरात्र पेटलेला पिवळा बल्ब, कारण पांढऱ्या नळीनं बाळाचे डोळे दिपतात असं आईचं मत. सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर येत नाही. बाळही नाही. बाराव्या दिवशी त्याच खोलीत पाळणा टांगला, ऋषिराज नाव ठेवलं, आणि पाळण्यात डोकावणारी प्रत्येक बाई म्हणाली, सोन्यासारखा रंग आहे पोराचा.

प्रियदर्शनीही म्हणाली होती.

त्या खोलीत दुपटं पिवळं. भिंत पिवळी. सायही पिवळी.

आणि फोनमधला चौथा चौकोन, फोनच्याच उजेडात, तसाच्या तसा.

स्क्रीन

"संयू, शीचा फोटो पाठव."

"आता? ताई, तू बरी आहेस ना?"

"पाठव. एक नको, तीन-चार."

फोटो येतात. सकाळचं लंगोट, सुदैवानं धुवायचं राहिलेलं. प्रियदर्शनी ते आपल्या मोठ्या स्क्रीनवर शेजारीशेजारी लावते. याच स्क्रीनचा रंग ती दर सोमवारी यंत्र लावून तपासते. आठ वर्षं याच्यावर भरवसा ठेवून शाई पडतेय.

पहिला फोटो पिवळा.
दुसऱ्यात फ्लॅश पडलाय. पांढरा.
तिसरा कुठलाच नाही, हिरव्याकडे झुकलेला.

एक लंगोट. तीन रंग. पांढरं कशाला म्हणायचं ते फोनच प्रत्येक वेळी नव्यानं ठरवतो. ती रंगावर बाण ठेवून आकडे काढते. आकडे येतात. आकडे फोनचे आहेत, शीचे नाहीत.

पुन्हा फोन.

"ते लंगोट घेऊन परड्यात जायला सांग कुणाला तरी. बाहेरच्या उजेडात बघायला सांग."

फोनवर धडपड. मग आईचा आवाज. मनुबाई.

"काय गं, काय लावलंयस मघाधरनं?"

"आई, ते लंगोट बाहेर नेऊन रंग बघ."

"धुतलं की मी आत्ता. हागलेलं लंगोट ठिवून घेत्यात व्हय कुणी? का त्याची बी पत्रिका छापायची हाय तुला?"

"पुढचं ठेव. धुऊ नको. मी येते."

"कशाला? आशाताई परवाच वजन करून गेली. लय चांगलं वाढलंय म्हणली. तुझ्या डोळ्यास्नी त्या कंप्युटरनं काय तरी झालंय."

"झालं असेल. धुऊ नको."

चार वाजून गेलेत. तिसऱ्या, जमलेल्या छपाईची दोन प्रूफं आहेत. सहीचं गुंडाकडे राहायला हवं, त्याच्याशी जुळवूनच तो मशीन चालवणार. बिनसहीचं ती वहीच्या पुठ्ठ्यात घालते, दुमडू नये म्हणून.

"आप्पासो इचारत्याल," गुंडा म्हणतो. आप्पासो प्रेसचे मालक. "उद्या लसीकरणाला कार्डं वाटायचीत. मी काय सांगू?"

"सांग, तीन आणि चार बघायला गेलीय."

रस्ता

मिरज मागं पडतं. हायवेला लागल्यावर स्कूटर तापते. सूर्य पाठीवर आहे, आरशात आहे, आणि तिची सावली पुढं पळतेय, लांब होत.

लांब होऊ नये.

उजेडाला वेळ असते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत. पाचला अजून पांढरा. साडेपाचला त्यात हळद पडायला लागते. सहाला सगळं जग त्या बाळंतिणीच्या खोलीसारखं होतं. तिकडं बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी आहे, ती आत्ता हिरवी दिसतेय. दुधाचे कॅन दिसतायत, पांढरे. देवळाची भिंत, पांढरी. ती प्रत्येक पांढऱ्याकडे बघत गाडी चालवते. अजून आहे. अजून आहे.

भोसेच्या पुढे एका घराची चुन्याची भिंत.

सायीची.

ती वेग वाढवते.

उंबरा

मनुबाई दारातच उभी.

"पाय धू आदी. वाऱ्यातनं आलीयस, तशीच आत शिरू नको बाळाजवळ."

पाय. हात. तोंडावर पाणी. आत.

ऋषिराज झोपलाय. संयोगिता बाजेवर उठून बसलेली, डोक्याला फडकं, तोंड उतरलेलं. तिचा नवरा जयराज फौजेत, वर पठाणकोटला. दुपारपासून त्याचा फोन लागत नाही.

"ताई, काय झालंय ते सांग मला. तू मला घाबरवतीयस."

"लंगोट आहे?"

"नाही. तुझा फोन झाल्यापासून त्यानं केलीच नाही."

प्रियदर्शनी पाळण्यापाशी उकिडवी बसते. सगळं सांगते. नळी, पित्त, यकृत, दोन महिने. आवाज चढू देत नाही. सांगताना ती बाळाकडे बघते, आणि या बल्बाखाली त्याच्याकडे बघून काहीही कळत नाही. सोन्यासारखा आहे.

"पण मी चार नंबर बघितला होता," संयोगिता म्हणते. "तूच पास म्हणालीस."

"हो. मीच म्हणाले."

"मग?"

"मी तुला फोनवर पाठवायला नको होतं."

मनुबाई शेगडीतले निखारे हलवते. "म्हंजे चूक तुझी आन् घोर आमाला. पोरगं रडत न्हाई, वकत न्हाई, पाच मिंटात दूध वढून मोकळं हुतंय. तुमी दोघी झालासा तवा कुणी कारड आणून बघितलं न्हवतं."

"नव्हतं बघितलं."

"मग?"

तिघी पाळण्याकडे बघत बसतात.

वाट बघणं सुरू होतं. पुढच्या लंगोटाची. प्रियदर्शनी उठते, दाराशी जाते, अंगण बघते, परत येते. पुन्हा उठते.

"आगं बस की. तुझ्या येरझाऱ्यांनी व्हायचंय व्हय त्याला?"

संयोगिताला हसू फुटतं. तोंडावर पदर धरून ती हसते आणि मग ते हसणं कुठल्या क्षणी रडणं होतं ते तिलाही कळत नाही. मनुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि तसंच, हात न थांबवता, थोरल्या लेकीकडे असं बघते की प्रियदर्शनी मान वळवते.

अंगणातला उजेड लांबट झालाय. तुळशीकट्ट्याची सावली गोठ्याच्या भिंतीवर चढलीय.

"उठव त्याला. पाज."

"आत्ताच प्यालाय."

"परत पाज, संयू."

बाळ उठतं. कुरकुरतं. दूध पितं. सोडतं. पितं. गुडघ्यावर घेतल्यावर त्याचं तोंड लाल होतं, मुठी आवळल्या जातात, आणि तिघी बायका श्वास धरून त्याच्या कपाळावरच्या आठीकडे बघतात, जशी काही

होते.

सावली

अंगण नको. अंगणात पश्चिमेचं ऊन आहे आणि ते आता तांबूस आहे. प्रियदर्शनी लंगोट घेऊन घराला वळसा घालते, मागं, पूर्वेच्या भिंतीच्या आडोशाला. इथं ऊन नाही. वर फक्त आभाळ, अजून पांढरं. जिथं ऊन पोचत नाही तिथं आभाळाचा उजेड जरा जास्त टिकतो.

धुण्याचा दगड. दगडावर लंगोट. शेजारी कार्ड.

ती डोळे मिटते. उघडते. रंग बघायच्या आधी नजर धुवायची असते, राखाडीकडे बघून. ती दगडाकडे बघते. मग लंगोटाकडे.

चार नाही.

कार्ड सरकवते. चौकोन तीन, अगदी कडेला लावून. तीन लंगोटापेक्षा पिवळा दिसतो. तीनसुद्धा.

कार्ड सरकवते.

दोन.

ती आणखी सरकवत नाही. हात दगडावर तसाच राहतो. शाळूच्या भाकरीचं पीठ भिजवून ठेवावं, तसा रंग आहे. पेटीत तिनं या चौकोनावर सगळ्यात कमी वेळ घालवला होता. दुसऱ्या नंबरात कुणाची गल्लत होणार, असं तिला वाटलं होतं.

मागं पावलं वाजतात. मनुबाई नाही. संयोगिता आहे. अनवाणी, कानाला फडकं नाही, बाळ छातीशी धरलेलं. उंबरा ओलांडून, अंगण ओलांडून.

"आगं ए, बाळंतीण तू!" आतून आई ओरडते. "वारं हाय! आत हो!"

संयोगिता दगडापाशी वाकते. बघते. सहा चौकोन आहेत आणि दोन डोळे आहेत.

"हे रोजचं असंच आहे," ती हळू म्हणते. "आत असं दिसत नाही. पण असंच आहे."

मग ती बाळाला जरा दूर धरते, पहिल्यांदाच आभाळाखाली. त्याचे डोळे किलकिले होतात, मग उघडतात. डोळ्यांतलं पांढरं पांढरं नाही.

पुन्हा बल्ब

मनुबाईला हे मान्य नाही. ती तरातरा येते, लंगोट उचलते, दुसऱ्या हातानं कार्ड हिसकावते आणि घरात जाते. दोघी तिच्या मागं. ती बल्बाखाली उभी राहते आणि कार्ड लंगोटाला लावते.

"ह्ये बघ. ह्ये बघ, चारच हाय."

प्रियदर्शनी बघते. आईला खोटं पाडता येत नाही. या उजेडात चार जुळतो. तीनही जुळतो. दोन आणि तीन आणि चार एकाच रंगाचे चौकोन आहेत, मधली रेघ तेवढी उरलीय. तिची तीन प्रूफं, बदललेला कागद, डॉक्टरांची सही, सगळं या एका बल्बानं पुसून टाकलंय.

छापील कार्डही या खोलीत आंधळं आहे.

आणि उद्या ही कार्डं जाणार कुठं? अशाच खोल्यांत. गोधडी लावलेल्या खिडक्या, शेगड्या, सव्वा महिना.

ती फोन काढते.

"गुंडा, मशीन थांबव."

"आगं निम्मी निघाली की. लय झकास आलंय, तिसरा आन् चौथा..."

"थांबव. वर एक ओळ टाकायचीय. मोठी, मथळ्याहून मोठी. लिहून घे. शीचा रंग दिवसा"

दिवसा बघा. नाही.
दिवसा, दारात बघा. नाही.

"शीचा रंग दिवसा, घराबाहेर, सावलीत बघा. बल्बाखाली बघू नका. फोनवर बघू नका."

"छापलेल्यांचं काय करू?"

"फाडून टाक."

"आप्पासो मला फाडत्याल."

"माझं नाव सांग."

थोडा वेळ मशीनचा आवाज येत राहतो. मग येत नाही.

"काय निघालं गं तिथं?" गुंडा विचारतो.

ती फोन ठेवते.

मनुबाई अजून तिथंच उभी आहे. लेकीचं बोलणं तिनं ऐकलंय. ती एकदा बल्बाकडे बघते, एकदा हातातल्या कार्डाकडे. मग खिडकीपाशी जाते आणि गोधडी ओढून काढते. खिळ्यासकट. आभाळाचा उरलासुरला उजेड आत येतो आणि ती लंगोट खिडकीत धरते.

बराच वेळ धरते.

स्पीकर

डॉक्टर तिसऱ्या रिंगला उचलतात.

"मॅडम, मी प्रेसमधली प्रियदर्शनी. कार्डाचं नाही. माझ्या बहिणीच्या बाळाचं आहे."

"बोला."

"दोन नंबर. बाहेर, सावलीत बघितलं. डोळे पिवळे आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"केवढं आहे बाळ?"

"सव्वा महिना व्हायचाय अजून," संयोगिता म्हणते.

"लघवी कशी होते? पाण्यासारखी की पिवळी?"

संयोगिता गोंधळते. हे कुणी विचारलं नव्हतं. "पिवळी. लंगोटावर डाग पडतात. निघत नाहीत."

"मी साबण बदलून बघितला," मनुबाई म्हणते. आवाज इतका लहान की फोनपर्यंत पोचला की नाही कळत नाही.

पोचतो.

"आजी, ऐका. तो साबणानं जाणारा डाग नाही, पित्ताचा आहे. आज रात्री इथं दाखल करा, रक्त तपासू, सकाळी सोनोग्राफी. दुसरंही काही कारण असू शकतं. तेच असेल तर पुण्याला पाठवू. सव्वा महिना झालेला नाही म्हणताय, म्हणजे हातात वेळ आहे. फार नाही. पण आहे."

"ऑपरेशननं बरा होतो?" संयोगिता विचारते.

"लवकर झालं तर पुष्कळ पोरं वाढतात, शाळेत जातात. सगळी नाही. मी खोटं सांगणार नाही. निघा तुम्ही."

फोन बंद.

शेजारच्या मानसिंगकडे जीप आहे. मनुबाई स्वतः बांधावरून हाक घालते. तो टॉवेलनं हात पुसत येतो, दारातून आत बघतो, उघड्या खिडकीकडे बघतो, चप्पल घालून तयार बसलेल्या संयोगिताकडे बघतो.

"मनुआक्का, आवं बाळंतीण हाय. दिस बुडाय आला, वारं लय सुटलंय. सकाळी उजाडताच काढतो की गाडी. एका रातीनं काय हुतंय?"

मनुबाई बाळाला दुपट्यात गुंडाळतेय. कान झाकते. टाळू झाकते. तोंड झाकायला पदर पुढं आणते आणि हात मध्येच थांबतो. तोंड उघडंच ठेवते.

"मानसिंग," ती म्हणते, "तू गाडी काढ."